व्हीएमचा इन्क्रिमेंटल बॅकअप अचानक दहापट का होतो आणि लिहिणारा कसा शोधायचा

प्रश्न असा आहे. एक विंडोज सर्व्हरची व्हीएम (आभासी मशीन) आहे, व्हीएमवेअरवर. दोन डिस्क, मिळून ८०० जीबी. त्यावर ऑफिसच्या फायली, टॅलीचा डेटा आणि एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर चालणारं ईआरपी, म्हणजे कंपनीच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर. व्हीम या बॅकअप सॉफ्टवेअरने रोज रात्री इन्क्रिमेंटल, म्हणजे मागच्या वेळेनंतर बदललेल्या भागाचाच, बॅकअप घेतला जातो. आतापर्यंत तो ९–१० जीबी व्हायचा, गेल्या काही आठवड्यांपासून शंभर-सव्वाशे जीबी होतो. वापरणारी माणसं तेवढीच, कामही तेवढंच. डी ड्राइव्हवर काल बदललेल्या फायली शोधल्या तर जेमतेम ३ जीबी भरतात. मग उरलेलं येतं कुठून, आणि बॅकअप सॉफ्टवेअर बिघडलंय का?

सॉफ्टवेअर बिघडलेलं असू शकतं, पण ती शक्यता कमी. बहुतेक वेळा बॅकअप खरं सांगत असतो आणि डिस्कवर चोवीस तासांत तेवढं लिखाण खरोखरच झालेलं असतं. ते दिसत नाही, कारण आपण फायली मोजतो आणि बॅकअप ब्लॉक, म्हणजे डिस्कचे ठरावीक आकाराचे तुकडे, मोजतो.

तपासाला हात घालण्याआधी एक गोष्ट करा, आणि ती आजच करा. फाइल सर्व्हरचा इन्क्रिमेंटल एकाएकी फुगणं हे रॅन्समवेअरचंही लक्षण असतं. फायली एन्क्रिप्ट होताना जवळजवळ प्रत्येक ब्लॉक नव्याने लिहिला जातो, शिवाय एन्क्रिप्ट झालेला डेटा कॉम्प्रेस होत नाही, त्यामुळे बॅकअप दोन्हीकडून वाढतो. शेअरमधल्या वेगवेगळ्या फोल्डरांतल्या जुन्या फायली उघडून पाहा. एक्सेल, पीडीएफ, फोटो, सगळ्या प्रकारच्या. नावांना अनोळखी शेपूट लागलंय का, कुठे खंडणीची टेक्स्ट फाइल पडली आहे का, ते बघा. डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं बिटलॉकर कुणी नव्याने चालू केलंय का तेही विचारून घ्या, कारण तेही पूर्ण डिस्क नव्याने लिहितं. तुमच्याकडे हे काही आठवडे चाललंय आणि लोक रोज काम करताहेत, म्हणजे हल्ल्याची शक्यता कमीच आहे. तरीही ही तपासणी होईपर्यंत जुने रिस्टोअर पॉइंट (मागच्या तारखांचे बॅकअप) आपोआप पुसले जाणार नाहीत एवढी सोय करून ठेवा. रिटेन्शनचे (बॅकअप राखून ठेवण्याचे) दिवस वाढवायला दोन मिनिटं लागतात.

आता आकडे. जॉबच्या अहवालात तीन वेगळे आकडे असतात: प्रोसेस्ड, रीड आणि ट्रान्स्फर्ड. लोक यातला कुठलाही एक उचलून ‘बॅकअप एवढा झाला’ म्हणतात आणि तिथेच गल्लत होते. प्रोसेस्ड म्हणजे डिस्कचा हिशोबात धरलेला आकार. रीड म्हणजे डिस्कवरून प्रत्यक्ष वाचलेलं. ट्रान्स्फर्ड म्हणजे कॉम्प्रेशन आणि डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच ठेवणं) होऊन रिपॉझिटरीकडे, म्हणजे बॅकअपच्या साठ्याकडे, गेलेलं. तुमचे सव्वाशे जीबी यातले कुठले ते आधी पाहा. रीड ८०० आणि ट्रान्स्फर्ड १० असेल तर प्रश्न निराळा. रीड १५० आणि ट्रान्स्फर्ड १२५ असेल तर निराळा, आणि त्यातून एवढंही कळतं की हा डेटा आधीच कॉम्प्रेस किंवा एन्क्रिप्ट झालेला आहे. झिप, कॉम्प्रेस केलेला डेटाबेस डंप (पूर्ण डेटाबेसची एका फाइलमधली प्रत), व्हिडिओ असलं काहीतरी. साधे डेटाबेस ब्लॉक सहसा निम्म्याच्या आसपास दाबले जातात.

त्याच अहवालात व्हीएमच्या नावावर क्लिक केलं की प्रत्येक डिस्कची वेगळी ओळ दिसते. हार्ड डिस्क १, इतके जीबी वाचले, अमुक वेगाने, आणि शेवटी चौकटी कंसात सीबीटी ही तीन अक्षरं. ती तिथे आहेत का, हे डोळ्यांनी बघा. नसतील तर बदललेले ब्लॉक कुठले हे व्हीमला हायपरव्हायजरकडून (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून, इथे व्हीएमवेअरकडून) कळलेलं नाही आणि त्याने पूर्ण डिस्क वाचून स्वतः तुलना केली आहे. अशा वेळी सीबीटीचा डेटा अवैध आहे, जुन्या पद्धतीने इन्क्रिमेंटल घेत आहोत, असा पिवळा इशाराही बहुधा वरच असतो. तो एखाद्या रात्री आला तर हरकत नाही. रोज येत असेल तर दुखणं तिथेच आहे.

हे सीबीटी म्हणजे चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग. व्हीएमवेअरने ते २००९ साली व्हीस्फिअर ४ मध्ये आणलं. प्रत्येक आभासी डिस्कच्या शेजारी एक छोटी नोंदफाइल असते आणि डिस्कच्या कुठल्या भागात लिहिलं गेलं याची खूण तिच्यात होते. काय लिहिलं याची नोंद नसते. तोच मजकूर त्याच जागी पुन्हा लिहिला तरी खूण होते. लिहून लगेच पुसून टाकलं तरी खूण राहते. डीफ्रॅगने फाइल एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवली, तर फाइल आणि तिची तारीख तीच राहते, पण डिस्कच्या दृष्टीने नवं लिखाण झालेलं असतं.

यात बॅकअपच्या ब्लॉकच्या आकाराची भर पडते. वहीतला एक शब्द खोडला तरी झेरॉक्स पूर्ण पानाचीच काढावी लागते, तसं हे आहे. व्हीमच्या नेहमीच्या ‘लोकल टार्गेट’ सेटिंगमध्ये हे पान १ एमबीचं असतं. एसक्यूएल सर्व्हरचं पान ८ केबीचं. ईआरपीने डेटाबेसमध्ये इथेतिथे विखुरलेली ५०,००० पानं बदलली तर खरा बदल सुमारे ३९० एमबी. पण प्रत्येक पान वेगळ्या १ एमबीच्या ब्लॉकात पडलं, तर वाचावे लागतात जवळजवळ ४९ जीबी. प्रत्यक्षात सगळी पानं इतकी विखुरलेली नसतात, तरी दहा-वीस पट वाढ मी नेहमी पाहतो. प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या व्हीएम प्रणालीचा बॅकअप सर्व्हर वापरणाऱ्यांना हे आणखी जाणवतं, कारण तिथे व्हीएमच्या डिस्कचे तुकडे ४ एमबीचे असतात.

तुमच्याकडे मात्र पूर्वी १० जीबी व्हायचे. ब्लॉकचा आकार काही बदललेला नाही. बदललं आहे ते लिखाण तरी किंवा त्याची नोंद तरी. या दोहोंतलं काय, हे एका चाचणीत कळतं आणि ती चाचणी फार कमी लोक करतात. दुपारी किंवा संध्याकाळी सर्व्हर निवांत असताना जॉब हाताने चालवा. संपला की लगेच, मध्ये पाच मिनिटंही न घालवता, पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी काहीशे एमबी, फार तर एक-दोन जीबी यायला हवेत. तेवढेच आले तर नोंद ठणठणीत आहे आणि कुणीतरी खरोखर लिहितंय. दुसऱ्यांदाही शंभर जीबी वाचले गेले तर नोंदीत बिघाड आहे.

नोंदीच्या बिघाडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या लक्षणांवरून तो मला दिसत नाही. होस्ट (व्हीएम चालवणारं मूळ मशीन) अचानक बंद पडला, व्हीएम जुन्या स्नॅपशॉटवर (आधी टिपून ठेवलेल्या स्थितीवर) परत नेली, बॅकअपमधून रिस्टोअर केली किंवा डिस्क वाढवली, की सीबीटीवर शंका घ्यावी. उपाय म्हणजे सीबीटी रिसेट करणं: व्हीएमवर एकही स्नॅपशॉट नाही याची खात्री करायची, ती बंद करायची, सेटिंगमधून सीबीटी बंद करून पुन्हा चालू करायचं. त्यानंतरचा पहिला बॅकअप पूर्ण डिस्क वाचतो, हे धरून चाला आणि तो शुक्रवारी रात्री ठेवा. आपल्या ईएसएक्सआयची (होस्टवरच्या व्हीएमवेअरची) आवृत्ती जुनी असेल तर पॅच लावा. २०१४ आणि २०१५ मध्ये सीबीटीतले दोन दोष उघड झाले होते आणि त्यांत बॅकअप मोठा होत नव्हता, उलट बदललेले ब्लॉक सुटून जात होते. मोठ्या बॅकअपपेक्षा ते कितीतरी वाईट.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर हेच काम विंडोज सर्व्हर २०१६ पासून आरसीटी ही तिथली नोंदपद्धत करते. तिथे व्हीएमची कॉन्फिगरेशन आवृत्ती ८ किंवा पुढची लागते. जुन्या होस्टवरून आणलेल्या व्हीएमची आवृत्ती वाढवायची राहून गेलेली असते आणि रोज पूर्ण डिस्क वाचली जाते. प्रॉक्समॉक्समध्ये डर्टी बिटमॅप, म्हणजे बदललेल्या ब्लॉकांची नोंद, मेमरीत राहतो, म्हणून व्हीएम बंद करून चालू केली की तो जातो आणि लॉगमध्ये नवा बिटमॅप बनवल्याची ओळ दिसते. मग सगळी डिस्क वाचली जाते, पण आधीपासून असलेले तुकडे पुन्हा पाठवले जात नाहीत, म्हणजे वेळ जातो, जागा जात नाही. एकच व्हीएम आलटून पालटून दोन बॅकअप सर्व्हरवर पाठवली तर बिटमॅप दर वेळी निरुपयोगी ठरतो, हेही तिथे लक्षात ठेवा.

आता खरा लिहिणारा शोधू.

पहिली पायरी, दोन डिस्कच्या ओळी वेगळ्या बघा. सी ड्राइव्हच्या डिस्कवर वाढ आहे की डेटाच्या? सी वर असेल तर विंडोज अपडेट, लॉग, पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल), अँटिव्हायरस. पेजफाइलचे ब्लॉक व्हीम एनटीएफएसवर (विंडोजच्या फाइल व्यवस्थेवर) वगळू शकतं, ते सेटिंग चालू आहे ना ते पाहा. त्याच्याच शेजारी डिलीट झालेल्या फायलींचे ब्लॉक वगळण्याचं सेटिंग आहे. खूप जुन्या आवृत्तीपासून चालत आलेल्या जॉबमध्ये ते बंद राहिलेलं असू शकतं.

दुसरी पायरी, वेळ शोधा. रोज रात्री एकदाच बॅकअप होतो तेव्हा चोवीस तासांची बेरीज दिसते आणि त्यातून काही उमगत नाही. एक दिवस जॉब दर दोन तासांनी चालवा. बाकी वेळी एक-दोन जीबी आणि मध्यरात्र ते दोनच्या मध्ये ऐंशी जीबी, असं काहीतरी निघेल. वेळ सापडली की गुन्हेगार जवळजवळ सापडलाच, कारण मग टास्क शेड्युलर आणि एसक्यूएल एजंटच्या यादीत त्या वेळेला काय लावलंय एवढंच बघायचं उरतं. रिपॉझिटरीवर जागा नसेल तर व्हीसेंटरमध्ये (व्हीएमवेअरच्या नियंत्रण कन्सोलमध्ये) त्या व्हीएमच्या डिस्कच्या राइटचा आलेख काढा, त्यातही उंचवटा स्पष्ट दिसतो.

तिसरी पायरी, त्या वेळेला सर्व्हरवर प्रत्यक्ष पाहणं. रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबवर जा आणि राइटच्या स्तंभावर क्लिक करा. कुठली प्रोसेस कुठल्या फाइलवर लिहितेय ते खालच्या यादीत पूर्ण पाथसह दिसतं. रात्री जागायचं नसेल तर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रत्येक प्रोसेसचे राइट बाइट्स आणि प्रत्येक ड्राइव्हचे राइट बाइट्स नोंदवायला लावा. प्रोसेसच्या आकड्यात नेटवर्कवरचं लिखाणही धरलं जातं, म्हणून ड्राइव्हचा आकडा शेजारी हवाच. लिनक्सवर हेच काम आयओटॉप आणि पिडस्टॅट करतात.

तुम्ही केलेला बदललेल्या फायलींचा शोध इथेच चकवतो. एसक्यूएल सर्व्हरची मुख्य डेटा फाइल कायम उघडी असते, तिच्यात कितीही लिहिलं तरी तिची तारीख बरेचदा सर्व्हिस बंद होईपर्यंत बदलत नाही. डीफ्रॅगमध्ये तारीख बदलत नाही. विंडोजच्या डीडुप्लिकेशनचं आणि शॅडो कॉपीचं (फायलींची जुनी रूपं राखणाऱ्या सोयीचं) लिखाण तर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन या फोल्डरात होतं, तिथे तुमचा शोध पोचतच नाही. म्हणून ३ जीबी आणि १२५ जीबी ही दोन्ही माहिती एकाच वेळी खरी असू शकते.

माझा पहिला संशय एसक्यूएल सर्व्हरच्या मेंटेनन्स प्लॅनवर आहे. ईआरपी बसवणारा माणूस ‘डेटाबेस स्लो आहे’ या तक्रारीवर एक प्लॅन बनवून देतो: सगळे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) रिबिल्ड, मग डेटाबेस श्रिंक (फाइल आक्रसून लहान करणं), मग फुल बॅकअप, रोज रात्री एक वाजता. वरवर शहाणपणाचं वाटतं. डिस्कवर काय होतं ते बघा. समजा इंडेक्सचा एकूण आकार ४० जीबी आहे. रिबिल्ड म्हणजे जुना इंडेक्स दुरुस्त करणं नव्हे. त्याच डेटा फाइलमधल्या मोकळ्या पानांवर पूर्ण नवी प्रत लिहिली जाते आणि मग जुनी सोडून दिली जाते. झाले ४० जीबी. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये (प्रत्येक बदलाची पूर्ण नोंद राखणाऱ्या पद्धतीत) असेल तर हे सगळं ट्रॅन्झॅक्शन लॉग या नोंदवहीतही लिहिलं जातं, आणि त्या लॉगचा बॅकअप त्याच ड्राइव्हवर पडत असेल तर तिसऱ्यांदा. मग श्रिंक फाइलच्या शेवटची पानं उचलून पुढच्या मोकळ्या जागेत कोंबतो, ते पुन्हा लिखाण, आणि त्यात आत्ताच नीट लावलेला इंडेक्स परत विस्कटतो. दुसऱ्या रात्री रिबिल्डला पुन्हा काम. शेवटी फुल बॅकअपची फाइल त्याच डी ड्राइव्हवर. एका रात्रीत शंभर जीबी असे सहज होतात आणि ईआरपीत कुणी एक बिलही वाढवलेलं नसतं.

एका कारखान्याच्या सर्व्हरवर मी हे समोर बसून पाहिलं आहे. रात्री एकपर्यंत डिस्कवर शांतता, मग रिसोर्स मॉनिटरमध्ये एसक्यूएल सर्व्हरची प्रोसेस झपाट्याने वर, आणि खालच्या यादीत एकाखाली एक तीन पाथ: डेटा फाइल, लॉग फाइल, बॅकअपची फाइल. काही आठवड्यांपूर्वी डेटाबेस सिंपल रिकव्हरीवरून फुलवर नेला होता आणि त्याच दिवशी हा प्लॅन लावला होता. तुमच्याकडेही ‘काही आठवड्यांपासून’ आहे. त्या सुमारास ईआरपीवाल्यांनी रिमोटने काही केलं का, हे त्यांना सरळ विचारा.

उपाय असा. श्रिंक रोजच्या प्लॅनमधून काढून टाका, त्याला तिथे जागाच नाही. सरसकट रिबिल्ड थांबवा. गरजेनुसार करा: ओला हॅलेनग्रेन यांच्या मोफत स्क्रिप्ट कित्येक ठिकाणी वापरल्या जातात, त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये ५ टक्क्यांखाली विस्कटलेल्या इंडेक्सला हात लावला जात नाही, ५ ते ३० मध्ये रीऑर्गनाइज आणि ३० च्या वर रिबिल्ड. रीऑर्गनाइज असलेल्याच पानांवर काम करतं, त्यामुळे थोडंफार विस्कटलेल्या इंडेक्सवर त्याचं लिखाण सहसा कमी. हे आठवड्यातून एकदा पुरतं. फुल रिकव्हरी मॉडेल मात्र बॅकअप लहान करायचा म्हणून सिंपलवर नेऊ नका. दुपारी चार वाजता कुणी टेबल उडवलं तर पावणेचारपर्यंतचा डेटा परत मिळवायचा मार्ग तोच आहे.

दुसरा संशय डंप आणि झिपवर. टॅलीच्या डेटा फोल्डरची रोज झिप करून त्याच ड्राइव्हवर तारखेच्या फोल्डरात ठेवणारी बॅच फाइल आपल्याकडे निम्म्या ऑफिसांत सापडते. हेतू चांगलाच असतो. पण कॉम्प्रेस केलेल्या फाइलमध्ये सुरुवातीला एक नोंद वाढली तरी पुढचे सगळे बाइट बदलतात, म्हणून बॅकअपच्या डीडुप्लिकेशनला कालच्या फाइलशी जुळणारं काहीच मिळत नाही. रोज पूर्ण फाइल जाते, आणि पुढे दाबलीही जात नाही. अशा फायली दुसऱ्या मशीनवर, एनएएसवर लिहायला लावा. तेवढं शक्य नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी आभासी डिस्क जोडा आणि व्हीएमच्या बॅकअपमधून ती डिस्क वगळा. पण वगळण्याआधी त्या डंपची प्रत सर्व्हरबाहेर दुसरीकडे जाते आहे, हे स्वतः पाहून घ्या. बॅकअप लहान दिसावा म्हणून डिस्क वगळली आणि नेमकी तीच हवी झाली, हे दुःख कुणाच्या वाट्याला येऊ नये.

बाकीचे संशयित भराभर. विंडोजचं ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज: तिथे डिस्कचा प्रकार ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ दिसत असेल आणि आठवड्याचं शेड्युल चालू असेल तर ते खरोखर डीफ्रॅग करतं, आणि खाली सामायिक स्टोरेज असताना त्याचा उपयोग फारसा नसतो, ते बंद करा. डीडुप्लिकेशन चालू असेल तर त्याची साफसफाई मूळ सेटिंगमध्ये शनिवारी पहाटे होते, म्हणून फक्त शनिवार-रविवारचा बॅकअप मोठा असेल तर तिकडे बघा. प्रीव्हियस व्हर्जन्ससाठी शॅडो कॉपी लावल्या असतील तर मूळ वेळापत्रक सोमवार ते शुक्रवार सकाळी सात आणि दुपारी बारा असं असतं, आणि त्यानंतर प्रत्येक बदलाआधी जुना मजकूर वेगळा लिहून ठेवला जातो. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच येतात, त्या आठवड्यात दोन-चार रात्री फुगणं स्वाभाविक आहे. लिनक्सच्या व्हीएमवर दर सोमवारी मोठा बॅकअप होत असेल तर एफएसट्रिमचा (मोकळे ब्लॉक स्टोरेजला कळवणाऱ्या सोयीचा) साप्ताहिक टायमर पाहा, कारण मोकळे केलेले ब्लॉकही काही ठिकाणी बदललेले म्हणून नोंदले जातात.

बॅकअपच्या ब्लॉकचा आकार लहान करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. १ एमबीवरून ५१२ किंवा २५६ केबी केला तर विखुरलेल्या लिखाणाचा बॅकअप खरंच लहान होतो. पण नवा आकार पुढच्या ॲक्टिव्ह फुल बॅकअपपासूनच (डिस्क नव्याने पूर्ण वाचून घेतलेल्या) लागू होतो, ब्लॉकची संख्या वाढल्याने मेमरी जास्त लागते आणि मर्ज (जुने इन्क्रिमेंटल फुलमध्ये मिसळणं) हळू होतो. शाखेतून अरुंद लाइनवर बॅकअप पाठवत असाल तर जरूर करा. रिबिल्डने फुगलेल्या बॅकअपवर त्याचा काडीचा उपयोग नाही, तिथे सलग ४० जीबीच लिहिले गेलेले असतात.

कारण सापडून बंद केलंत की त्याच रात्रीचा इन्क्रिमेंटल लहान येईल, रिपॉझिटरीतली जागा मात्र लगेच मोकळी होणार नाही. मधल्या आठवड्यांतल्या मोठ्या फायली फुल आणि त्यापुढच्या इन्क्रिमेंटलच्या साखळीचा भाग आहेत आणि रिटेन्शनच्या मुदतीपर्यंत राहतील. हाताने त्यातली एकही फाइल डिलीट करू नका, तिच्यानंतर पुढच्या फुल बॅकअपपर्यंतचा एकही रिस्टोअर पॉइंट उघडणार नाही. जागा अगदीच संपत आली असेल तर नवा ॲक्टिव्ह फुल दुसऱ्या डिस्कवर घेऊन त्यातून एखादी फाइल आणि ईआरपीचा डेटाबेस रिस्टोअर करून पाहा. तो नीट उघडला, की जुनी साखळी व्हीमच्याच कन्सोलमधून काढा.